हे मूल्य केव्हाचे? : स्वयंचलित नियंत्रणातील काळ आणि फंक्शन ब्लॉक

कराडला लागून, पुणे-बंगळूर महामार्गाच्या कडेने वाढलेले मलकापूर बाहेरच्या माणसाला बहुधा कृष्णा हॉस्पिटलमुळे माहीत असते. पाणीपुरवठ्याच्या अभियंत्यांना ते दुसऱ्याच कारणाने ठाऊक आहे. महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाने इथे चोवीस तास पाणी देणारी योजना उभी केली, घरोघर मीटर बसवले, आणि तीसेक हजार वस्तीचे हे गाव पाण्याच्या बाबतीत भल्या भल्या महानगरांच्या पुढे गेले. आजही राज्यात चोवीस तास पाण्याची चर्चा निघाली की मलकापूरचा दाखला निघतो.

कारखान्यांतल्या आणि पंपहाऊसमधल्या स्वयंचलित नियंत्रणावर मराठीत हे पुस्तक लिहायला बसताना मी हेच गाव समोर ठेवले. त्याला कारण आहे. दिवसातून दोन तास पाणी सोडणाऱ्या योजनेत वेळ म्हणजे वेळापत्रक. व्हॉल्व्हमन सहाला चावी फिरवतो, आठला बंद करतो. काही चुकले तर उद्या पुन्हा पहिल्यापासून. चोवीस तासांच्या योजनेला असा कोरा उद्या मिळत नाही. टाकीची पातळी सतत बदलत असते, पंप त्या पातळीच्या मागे धावत असतो, वाहिनीत दाब कायम असतो. छोटी चूक रोज रात्री पुसली जात नाही, साचत जाते. दुरुस्तीसाठी हक्काची रिकामी वेळही नाही. म्हणून नियंत्रणाच्या प्रोग्राममध्ये काळ कसा वागतो हे शिकायला अशा योजनेइतकी चांगली शाळा दुसरी नाही. मलकापूरच्या पॅनेलमध्ये कोणत्या कंपनीचा कंट्रोलर आहे याचे वर्णन पुढे सापडणार नाही. पाणी उचलणारे नदीकाठचे जॅकवेल, शुद्धीकरण केंद्र, उंच टाक्या आणि भरलेल्या वाहिन्या जिथे असतात तिथे उभे राहणारे प्रश्न मात्र सापडतील.

या विद्येचा गाभा एका प्रश्नात सांगता येतो: प्रोग्रामसमोर आत्ता जे मूल्य आहे ते केव्हाचे? पातळी ३.२ मीटर दिसते आहे, पण ती मोजली कधी? पंप चालू दिसतो, ही खबर कोणत्या क्षणाची? टायमर म्हणतो चार मिनिटे झाली. त्याने घड्याळ शेवटचे कधी पाहिले? संगणकशास्त्राकडून येणाऱ्या विद्यार्थ्याला हे प्रश्न किरकोळ वाटतात. त्याच्या प्रोग्रामला बरोबर उत्तर मिळाले की काम संपते. इथे बरोबर उत्तर उशिरा आले तर ते चूक ठरते. विजेच्या बाजूने, आयटीआय करून किंवा पॅनेल वायरिंग करत आलेल्या माणसाची अडचण उलटी असते. त्याला वाटते की पॅनेलमध्ये सगळे एकाच वेळी घडते, कारण रिलेंच्या पॅनेलमध्ये ते खरोखर तसेच घडत होते. हे दोघेही हुशार असतात आणि दोघेही पहिल्या महिन्यात एकाच खड्ड्यात पडतात.

खड्डा कसा तयार झाला ते इतिहासात दिसते. १९६८ साली अमेरिकेत जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिले पॅनेलचा कंटाळा आला होता. गाडीचे मॉडेल बदलले की शेकडो रिलेंचे वायरिंग उसवून पुन्हा करावे लागे. त्यांनी पर्याय मागवला आणि डिक मोर्ली व त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्समधल्या सहकाऱ्यांनी मॉडिकॉन ०८४ हे यंत्र पुढे आणले. ०८४ अशासाठी की तो त्या कंपनीचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प होता. यंत्र कारखान्यातल्या इलेक्ट्रिशियनला वापरता यावे म्हणून प्रोग्रामचे रूप रिलेच्या आकृतीसारखेच ठेवले गेले: दोन उभ्या रेषा, मध्ये आडव्या पायऱ्या, म्हणजे लॅडर. ही युक्ती इतकी यशस्वी ठरली की हे यंत्र पीएलसी, म्हणजे प्रोग्रामेबल लॉजिक कंट्रोलर, या नावाने जगभर पसरले. तिने एक भ्रमही सोबत आणला. आकृती सांगते की सगळ्या पायऱ्यांतून वीज एकदम वाहते आहे. आतला प्रोसेसर मात्र पहिली पायरी, मग दुसरी, मग तिसरी असा क्रमाने जातो. माझ्या मते पीएलसी शिकवणाऱ्याने पहिल्या दिवशी हा भ्रम मोडावा आणि लॅडरची चिन्हे दुसऱ्या दिवशी शिकवावीत. आपल्याकडच्या बहुतेक वर्गांत याच्या उलट होते.

पीएलसी आधी सगळे इनपुट वाचून त्यांची नोंद करून घेतो, मग त्या नोंदीवर प्रोग्राम वरून खाली चालवतो, शेवटी आउटपुट बदलतो, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. या एका फेरीला स्कॅन म्हणतात. छोट्या कामात तो काही मिलिसेकंदांचा असतो, मोठ्या प्रोग्रामला वीस-तीस लागतात. रात्री गस्त घालणाऱ्या गुरख्यासारखे हे आहे: तो गल्लीत आला तेव्हा दार बंद होते एवढेच त्याला ठाऊक, दोन फेऱ्यांच्या मध्ये दार उघडून पुन्हा लागले तर त्याच्या लेखी काहीच झाले नाही. पाण्याच्या मीटरकडून येणारी नाडी, म्हणजे पल्स, दहा मिलिसेकंदांची असेल आणि स्कॅन वीसचा असेल, तर कित्येक पल्स पीएलसीला दिसतच नाहीत आणि हिशेबातले पाणी कमी भरते. मीटर बरोबर, वायर बरोबर, प्रोग्रामही वरवर बरोबर. चुकीचा आहे तो फेरीचा वेग. म्हणून अशा पल्ससाठी वेगळा, स्कॅनवर अवलंबून नसलेला जलद काउंटर वापरतात. उलट बाजूचा हिशेबही लक्षात ठेवावा. नोंद घेऊन झाल्याच्या पुढच्याच क्षणी फ्लोट स्विच बंद झाला, तर ती बातमी पुढच्या फेरीत घेतली जाते आणि तिचा परिणाम त्या फेरीच्या शेवटी बाहेर पडतो. वाईटात वाईट म्हणजे जवळपास दोन स्कॅन, वर इनपुटच्या फिल्टरचा आणि रिलेचा वेळ. टाकीला याने काही होत नाही. बाटल्या भरणाऱ्या यंत्राला होते.

मॉडिकॉननंतरची पंचवीस वर्षे प्रत्येक कंपनीची भाषा वेगळी होती. १९९३ मध्ये आंतरराष्ट्रीय विद्युततंत्र आयोगाने, म्हणजे आयईसीने, प्रोग्रामिंग भाषांचे मानक प्रसिद्ध केले. आज ते आयईसी ६११३१-३ या क्रमांकाने ओळखले जाते. लॅडर, फंक्शन ब्लॉकची आकृती, स्ट्रक्चर्ड टेक्स्ट अशा भाषा त्यात आहेत. २०१३ च्या आवृत्तीत वस्तुकेंद्री (ऑब्जेक्ट-ओरिएंटेड) प्रोग्रामिंगच्या सोयीही आल्या. भाषांवर पुस्तके पुष्कळ आहेत, त्यामुळे मी तिथे रेंगाळत नाही. या मानकाने दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट माझ्या दृष्टीने फंक्शन ब्लॉक ही आहे.

साधे फंक्शन इनपुट घेते, उत्तर देते आणि विसरते. फंक्शन ब्लॉक विसरत नाही. मागच्या वेळी बोलावले तेव्हा काय होते हे तो जपून ठेवतो, म्हणून त्याची प्रत्येक प्रत वेगळी असते. पंप एकचा टायमर आणि पंप दोनचा टायमर एकाच साच्यातून निघतात, पण स्मृती दोघांची स्वतंत्र. नवशिक्या माणूस दोन पंपांसाठी एकच प्रत दोनदा बोलावतो आणि मग एक पंप दुसऱ्याचा वेळ खातो. हा दोष लॅडरच्या पडद्यावर सहज दिसत नाही. टायमरचे तीन मानक ब्लॉक आहेत. टॉन म्हणजे इनपुट आल्यावर ठरलेला वेळ थांबून आउटपुट देणारा, टॉफ म्हणजे इनपुट गेल्यावर ठरलेला वेळ आउटपुट धरून ठेवणारा, आणि टीपी म्हणजे ठरलेल्या लांबीची एकच पल्स देणारा. त्यांच्या सोबत मोजणीचे ब्लॉक, कडा ओळखणारे ब्लॉक, सेट-रिसेट. एवढ्या मोजक्या विटांवर अर्ध्या जगाचे पंप चालतात.

आता कळीचा मुद्दा. टायमरच्या ब्लॉकमध्ये घड्याळ टिकटिकत नसते. ब्लॉकला बोलावले की तो यंत्रणेच्या घड्याळाकडे बघतो, किती वेळ झाला याची वजाबाकी करतो आणि आपले आउटपुट ताजे करतो. बोलावले नाही तर त्याचे आउटपुट शेवटच्या वेळी होते तसेच गोठून राहते. प्रोग्रामरने टायमर एखाद्या अटीच्या आत ठेवला, समजा पंप ऑटो मोडवर असेल तरच ती ओळ चालते, आणि ऑपरेटरने मध्येच मोड मॅन्युअलवर टाकला, तर टायमर थांबत नाही, चालतही नाही; त्याला नुसते कोणी विचारत नाही. ऑपरेटरने अर्ध्या तासाने पुन्हा ऑटोवर टाकल्यावर त्याचा वेळ एकदम उडी मारून पूर्ण होईल की जिथे होता तिथून पुढे जाईल, हे त्या कंपनीने तो कसा बांधला आहे यावर ठरते. म्हणून या विद्येतला साधा शिरस्ता असा की टायमर अटीच्या बाहेर ठेवावा, प्रत्येक फेरीत बिनशर्त बोलवावा, आणि अट त्याच्या इनपुटला द्यावी. शिरस्ता एका ओळीचा आहे. तो न पाळल्याने बिघडलेली रात्रपाळी मात्र पुष्कळांनी काढली आहे.

यातून निघणारे एक गणित मला विद्यार्थ्यांपुढे मांडायला आवडते. पंप किती तास चालला हे मोजायचे आहे. एक सेकंदाचा टॉन घ्यायचा, तो पूर्ण झाला की स्वतःच स्वतःला रिसेट करेल असे जोडायचे, आणि प्रत्येक वेळी मोजणी एकने वाढवायची. सरळ आणि सुटसुटीत. स्कॅन वीस मिलिसेकंदांचा धरू. हजार मिलिसेकंदांनी टायमर पूर्ण झाला. पुढच्या फेरीत त्याचे इनपुट खाली जाऊन तो रिसेट झाला. त्याच्या पुढच्या फेरीत इनपुट पुन्हा वर जाऊन तो नव्याने सुरू झाला. म्हणजे आपला सेकंद १,००० ऐवजी १,०४० मिलिसेकंदांचा झाला. चोवीस तासांत ८६,४०० ऐवजी सुमारे ८३,०७७ सेकंद मोजले गेले. अहोरात्र चाललेल्या पंपाच्या नावावर २३ तास ५ मिनिटेदेखील लागली नाहीत. दिवसाला पंचावन्न मिनिटांचा तोटा. दोन तास चालणाऱ्या पंपाच्या वहीत हा फरक पाच मिनिटांच्या आत राहतो आणि कोणी बोट ठेवत नाही. चोवीस तासांच्या योजनेत महिन्याअखेर तो सत्तावीस-अठ्ठावीस तासांवर जातो आणि बेअरिंगचे ग्रीस, गाळणीची धुलाई, विजेचा ताळमेळ सगळेच सरकते. उपाय अवघड नाही: टायमरच्या साखळीतून काळ मोजू नये, घड्याळाच्या दोन वाचनांतली वजाबाकी बेरजेत टाकत जावी.

फेरीच्या आतल्या क्रमाकडेही असेच पाहावे लागते. वरच्या स्वतःला रिसेट करणाऱ्या टायमरचे आउटपुट फक्त एका फेरीपुरते खरे असते. टायमरच्या खालच्या ओळीने ते वाचले तर त्याच फेरीत मिळते, वरच्या ओळीने वाचले तर एक फेरी उशिरा मिळते. काही कंट्रोलरमध्ये तर टायमरचे आउटपुट वाचणे हेच त्याला ताजे करणे असते. एकाच फेरीत दोनदा वाचले तर पहिल्यांदा खोटे आणि दुसऱ्यांदा खरे मिळू शकते. अशा वेळी आउटपुट फेरीच्या सुरुवातीला एकदाच साध्या चलात उतरवून घ्यावे आणि पुढे सगळीकडे तेच वापरावे. ब्लॉकच्या आकृतीत आउटपुट फिरवून मागच्या ब्लॉकच्या इनपुटला जोडले असेल तर कुठेतरी मागच्या फेरीचे मूल्य वापरावेच लागते. ते कुठे वापरले जाते हे सॉफ्टवेअरवर सोडू नये, स्वतः ठरवावे.

जॅकवेलमधल्या उभ्या टर्बाइन पंपाचा प्रश्न याहून गंभीर आहे, आणि या प्रस्तावनेत मी त्यालाच सर्वांत जास्त जागा देतो. असा पंप बंद पडला की उंच चढलेला पाण्याचा स्तंभ खाली येतो आणि, नॉन-रिटर्न व्हॉल्व्हच्या खालच्या भागातले का होईना, पाणी शाफ्टला उलटे फिरवते. शाफ्ट उलटा फिरत असताना मोटर सुरू केली तर त्यावर मोठा पीळ पडतो. शाफ्ट तुटू शकतो. काही मोटरींना उलट फिरण्यास अडवणारा रॅचेट असतो, पण त्यावर विसंबून राहणे शहाणपणाचे नाही. म्हणून बंद झाल्यावर काही मिनिटे, समजा पाच, पंप पुन्हा सुरू होऊ द्यायचा नाही. हे काम बहुतेकांना टॉफचे वाटते. पंप चालू असल्याची खूण इनपुटला द्यायची. पंप बंद झाल्यावर टॉफ पाच मिनिटे आपले आउटपुट धरून ठेवेल. ते आहे तोवर स्टार्ट बंद. पॅनेल टेस्टिंगच्या दिवशी हे उत्तम चालते. सगळे सह्या करून जातात.

मग एके दिवशी लाइट जाते. पंप थांबतो, आणि यूपीएस नसेल किंवा त्याची बॅटरी म्हातारी झाली असेल तर पीएलसीही बंद होतो. एका मिनिटात लाइट परत येते. पीएलसी उठतो, ब्लॉकची स्मृती सुरुवातीच्या मूल्यांवर जाते, टॉफचे इनपुट शून्य आणि आउटपुटही शून्य. त्याच्या लेखी पंप कधी चाललाच नव्हता. स्टार्टला हरकत नाही. ऑटो मोड आहे, टाकी रिकामी होते आहे, मोटर सुरू होते आणि खाली शाफ्ट अजून उलटा फिरत असतो.

हेच काम टॉनने केले तर? इनपुटला पंप बंद असल्याची खूण द्यायची, आणि टॉन पाच मिनिटे पूर्ण झाला तरच स्टार्ट द्यायचा. आता लाइट येऊन पीएलसी उठला की टॉन शून्यापासून मोजतो आणि काहीही असले तरी पाच मिनिटे थांबवतो. पाच मिनिटे तीच, तारा तितक्याच. फक्त विस्मृती कोणत्या बाजूला पडते ते बदलले. एका रचनेत विसरणे म्हणजे परवानगी, दुसऱ्या रचनेत विसरणे म्हणजे मनाई. ब्लॉक निवडताना तो चालू असताना काय करतो एवढेच बघू नये. स्मृती गेल्यावर तो कोणत्या बाजूला कलंडतो हे आधी बघावे. टॉनची किंमतही आहेच. दर वेळी लाइट गेली की पाच मिनिटे वाया जातात, मग ती दोन तास गेलेली असो की दहा सेकंद. ते टाळायचे तर पंप थांबल्याची घड्याळी वेळ टिकाऊ स्मृतीत लिहावी लागते आणि उठल्यावर खऱ्या घड्याळाशी तुलना करावी लागते. मग त्या घड्याळाची बॅटरी कोण बदलतो, हा पुढचा प्रश्न येतो. पावसाळ्यात दिवसातून अनेकदा लाइट जाणाऱ्या गावात तो प्रश्न घ्यावा, एरवी पाच मिनिटे सोसावीत असे माझे मत आहे.

पाण्याला स्वतःचाही काळ असतो आणि प्रोग्रामला तो मान्य करावा लागतो. रशियन शास्त्रज्ञ झुकोव्स्की यांनी मॉस्कोच्या जलवाहिन्यांवर प्रयोग करून १८९८ मध्ये पाण्याच्या आघाताचे सूत्र मांडले. पोलादी वाहिनीत दाबाची लाट सेकंदाला हजारेक मीटर वेगाने धावते, आणि सेकंदाला एक मीटर वाहणारे पाणी एकदम अडवले तर सुमारे शंभर मीटर उंचीच्या स्तंभाइतका जादा दाब उसळतो. वाहिनी तीन किलोमीटरची असेल तर लाट जाऊन परत यायला सहा सेकंद लागतात. त्याच्या आत व्हॉल्व्ह बंद केला तर तो एकदम बंद केल्यासारखाच. म्हणजे व्हॉल्व्ह बंद करायला किती वेळ द्यायचा हा आकडा प्रोग्रामरच्या मनाचा नसतो, वाहिनीच्या लांबीतून येतो. प्लास्टिकच्या वाहिनीत लाट पुष्कळ मंद असते आणि आघातही सौम्य. पण इथे प्रोग्रामची मर्यादाही सांगायला हवी. सर्वांत वाईट आघात लाइट जाऊन पंप थांबतात तेव्हा होतो, आणि त्या क्षणी मोटरला हळू थांबवायला वीजच नसते. तिथे हवेची टाकी, शून्यवेग व्हॉल्व्ह, एअर व्हॉल्व्ह अशी यांत्रिक साधने लागतात. सॉफ्टवेअरने सगळे सुटते असे मानणाऱ्याने एकदा भरलेल्या वाहिनीच्या शेजारी उभे राहून पंप ट्रिप झाल्याचा आवाज ऐकावा.

पीआयडी नियंत्रणाबद्दल, म्हणजे चुकीचे माप, तिची बेरीज आणि तिच्या बदलाचा वेग यांवरून आउटपुट ठरवणाऱ्या पद्धतीबद्दल, थोडक्यात. त्यातला बेरजेचा भाग दर वेळी चुकीला दोन बोलावण्यांमधल्या वेळाने गुणून साठवतो. ब्लॉकला सांगितले की वेळ शंभर मिलिसेकंद आहे, आणि प्रत्यक्षात त्याला कधी आठ तर कधी पंचवीस मिलिसेकंदांनी बोलावले, तर त्याचे गणित भलत्याच वेगाने धावते. म्हणून तो ठरलेल्या अंतराने चालणाऱ्या वेगळ्या टास्कमध्ये ठेवतात. तसे केले की दोन टास्कमध्ये वाटली जाणारी मूल्ये एकाच क्षणाची आहेत ना, हे पाहण्याची जबाबदारी वाढते. आपला मूळ प्रश्न पुन्हा पुढे उभा राहतो.

ब्लॉक ताजा होणे याला आणखी एक बाजू आहे: ब्लॉकच बदलणे. वर्षभराने ध्यानात येते की पंपाच्या ब्लॉकला कंपनाचा एक नवा इनपुट हवा. बहुतेक सॉफ्टवेअर चालू यंत्रावर प्रोग्राम बदलू देतात. पण ब्लॉकच्या आतले गणित बदलणे आणि त्याच्या इनपुट-आउटपुटची यादी बदलणे यांत मोठा फरक आहे. यादी बदलली की स्मृतीची मांडणी बदलते, आणि अनेक यंत्रणा त्या साच्याच्या सगळ्या प्रती सुरुवातीच्या मूल्यांवर नेतात. टायमर शून्यावर येतात, पीआयडीची साठवलेली बेरीज जाते, कोणता पंप पुढच्या पाळीचा हे विसरले जाते. दोन तास पाणी देणाऱ्या गावात हे दुपारी तीनला निवांत करता येते. चोवीस तासांच्या गावात दुपारचे तीनही पाण्याचेच असतात. बदल करण्याआधी पंप हातात घेणे, कोणती स्मृती जाणार हे कागदावर लिहिणे, टिकाऊ मूल्ये उतरवून ठेवणे आणि टाकी भरलेली असताना, मागणी कमी असलेल्या रात्रीच्या वेळी काम करणे, ही शिस्त प्रोग्रामिंगइतकीच या विद्येचा भाग आहे. आपल्या अभ्यासक्रमांत तिला जागा नाही, हे मला खटकते.

सतत चालणाऱ्या यंत्रांचा एक खास रोग आहे. मिलिसेकंदांची मोजणी बत्तीस बिटांत ठेवली तर ती ४९ दिवस १७ तासांनी भरून पुन्हा शून्यावर येते. चिन्हासहित ठेवली तर २४ दिवस २० तासांनीच. सेकंदाच्या शतांश भागांत ठेवली तर मर्यादा २४८ दिवसांवर जाते. २०१५ मध्ये अमेरिकेच्या विमानवाहतूक प्रशासनाने बोइंग ७८७ विमानांना सूचना काढली ती याच आकड्याशी निगडित होती: जनित्रांचे नियंत्रक २४८ दिवस अखंड चालू राहिले तर बंद पडू शकतात, म्हणून वीज अधूनमधून बंद करून पुन्हा सुरू करा. वजाबाकी नीट लिहिली तर मोजणी उलटली तरी उत्तर बरोबर येते. मोठे-लहान अशी थेट तुलना केली तर येत नाही. चाचणी आठवडाभर घेतली जाते, रोग सात आठवड्यांनंतर दिसतो.

आतापर्यंत सगळे एका पीएलसीच्या आत चालले होते. आता एकमेकांपासून दूर असलेल्या अनेक पीएलसींकडे वळू. कराडहून कृष्णेच्या काठाने थोडे खाली गेले की टेंभू लागते. हे गोपाळ गणेश आगरकरांचे जन्मगाव. १८५६ साली ते इथे जन्मले. आज या गावाचे नाव घेतात ते उपसा सिंचन योजनेमुळे. इथून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून कडेगाव, खानापूर, आटपाडीसारख्या दुष्काळी तालुक्यांकडे नेले जाते. अशा योजनेत वरच्या टप्प्याचे पंप थांबले तर खालच्यांनी कधी थांबावे? बातमी तारेवरून मिलिसेकंदांत पोचते, पाणी कालव्यातून तासांनी. वाटेत असलेले पाणी परत फिरवता येत नाही. शिवाय प्रत्येक टप्प्याचे घड्याळ वेगळे. दोन पॅनेलच्या घड्याळांत तीन सेकंदांचा फरक असला की आधी कोण ट्रिप झाले यावर दोन टप्प्यांचे अभियंते तासभर वाद घालू शकतात. लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९७८ च्या निबंधात दाखवले की विखुरलेल्या यंत्रणांत आधी आणि नंतर हे घड्याळाशिवायही, निरोपांच्या क्रमावरून ठरवता येते. तो निबंध संगणकशास्त्रातला मानला जातो. पंपहाऊसवाल्यांनीही वाचावा असा आहे.

विखुरलेल्या नियंत्रणासाठी आयईसीने २००५ मध्ये ६१४९९ हे वेगळे मानक आणले. त्यातला फंक्शन ब्लॉक फेरीची वाट पाहत नाही, घटनेची पाहतो. प्रत्येक ब्लॉकला घटनांची इनपुट वेगळी आणि माहितीची वेगळी. कोणती माहिती कोणत्या घटनेसोबत ताजी करायची हे आकृतीतच जोडून दाखवावे लागते; घटना येईपर्यंत बाहेर पातळी कितीही बदलली तरी ब्लॉकच्या आत जुनेच मूल्य असते. मूल्य केव्हाचे, या प्रश्नाचे उत्तर इथे आकृतीवरच काढलेले असते, आणि म्हणून शिकण्यासाठी मला हे मानक फार आवडते. वापरण्याबाबत मी सावध आहे. घटना एकाच वेळी दोन वाटांनी निघाल्या तर आधी कोणती पोचते याबद्दल पहिल्या आवृत्तीत मोकळ्या जागा राहिल्या, आणि एकच आकृती दोन कंपन्यांच्या यंत्रणांत दोन क्रमांनी चालू शकते. व्हॅलेरी व्यातकिन, अलोइस झोइट्ल यांच्यासारख्या संशोधकांनी या प्रश्नावर बरेच काम केले आहे. ६११३१ च्या फेरीने आपल्याला भाबडे का होईना, पण ठरलेले उत्तर दिले होते. घटनांच्या जगात ते आपल्याला स्वतः बांधावे लागते.

कराड-सांगलीच्या या परिसराला यंत्रांची ओळख नवी नाही. किर्लोस्करवाडी १९१० पासून आहे आणि तिथले पंप देशभर गेले. सांगलीचे वालचंद महाविद्यालय १९४७ चे, कराडचे शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० चे. पंप कसा बनवावा हे इथल्या माणसाला सांगावे लागत नाही. पंपाला कधी काय सांगावे हे मराठीत फारसे लिहिले गेलेले नाही. पुढच्या प्रकरणांसाठी महागडे सामान लागणार नाही: ओपनपीएलसी आणि फोरडायक ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट मिळतात, साध्या संगणकावर चालतात, आणि टॉन-टॉफचा वर सांगितलेला प्रयोग त्यांवर एका संध्याकाळी करून पाहता येतो. करून पाहावा, वाचून तो पुरेसा पटत नाही.

जे आधीच एखादे पंपहाऊस सांभाळत आहेत त्यांना एक विनंती. तुमच्या प्रोग्राममधल्या प्रत्येक टायमरची वेळ, ती वेळ का ठरवली, आणि लाइट जाऊन आल्यावर तो कोणत्या बाजूला पडतो, एवढ्या तीन गोष्टींचा मराठीत लिहिलेला एक कागद पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवा. बदल झाला की तारीख घालून कागद बदला.